नव्या कॉलनीसाठी स्वतःची वीज संस्था: करता येईल का, आणि करावी का? (इंदूर)

खंडवा_रोड

नमस्कार मंडळी. जरा मोठा विषय आहे, पण इथे वीज मंडळातले जुने लोक आहेत, सीए आहेत, पीथमपूरला नोकरी करणारेही आहेत, म्हणून मांडते.

खंडवा रोडवर तेजाजी नगरच्या पुढे आमची कॉलनी वाढते आहे. मंजूर नकाशात १४०० प्लॉट आहेत. सव्वातीनशे घरांत लोक राहायला आलेत, बाकी ठिकाणी बांधकामं चालू आहेत किंवा मोकळी जमीन आहे. वीज येते ती मूळ गावासाठी ओढलेल्या ११ केव्हीच्या फीडरवरून, म्हणजे मुख्य वीजवाहिनीवरून. उन्हाळ्यात संध्याकाळी सात ते अकरा व्होल्टेज इतकं पडतं की बोअरची मोटर उचलतच नाही. पावसाळ्यात फीडर ट्रिप झाला की झोन ऑफिसचा लाइनमन गावातली दुरुस्ती उरकूनच आमच्याकडे येतो. त्याला बोल लावत नाही, त्याच्याकडे माणसंच कमी आहेत.

समितीच्या बैठकीत प्रस्ताव आला की आपणच वीज वितरणाची सार्वजनिक संस्था काढू या. सहकारी असो की निगमाच्या (महापालिकेच्या) छत्राखाली, पण मालकी रहिवाशांची. कॉलनायझर (प्लॉट पाडून विकणारा) म्हणतो, ३३/११ केव्हीचं, म्हणजे मोठ्या लाइनचा दाब उतरवून देणारं सबस्टेशन बांधून देतो. शेजारच्या दोन शेतांचे नकाशेही टीएनसीपीकडे (नगर नियोजन खात्याकडे) गेलेत, म्हणजे पाच-सात वर्षांत तीन हजार घरं होऊ शकतात.

मला ही कल्पना मनापासून पटते. पुढची तीस वर्षं ज्या तारांवर आपण जगणार, त्या कुणाच्या असाव्यात हे आज ठरवता येतंय, नंतर येणार नाही. पण बैठकीत आकडे कुणाकडेच नव्हते. कायदा काय म्हणतो, लोड किती धरायचा, पैसा कुठून, वीज कुणाकडून घ्यायची? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

ईव्हीवाला

हवीच. आमच्या कॉलनीतही हाच त्रास आहे. वाचतोय.

मंडळातला_जुना

ताई, प्रश्न योग्य वेळी विचारलात. बहुतेक लोक शंभर टक्के घरं भरल्यावर विचारतात.

आधी कायदा. वीज कायदा २००३ चं कलम १२ सांगतं की परवान्याशिवाय कुणालाही वीज वितरित करता येत नाही. कलम १४ मध्ये त्याच भागात दुसऱ्या वितरकालाही परवाना देण्याची सोय आहे, अट एवढीच की तारा स्वतःच्या हव्यात. हे वाचून अनेकांना वाटतं की झालं काम. पण त्यासोबत केंद्राचे २००५ चे नियम आहेत आणि ते २०२२ च्या सप्टेंबरात बदलले. आज अशा दुसऱ्या परवान्यासाठी कमीत कमी क्षेत्र आहे एक अख्खी महापालिका किंवा लगतचे तीन महसुली जिल्हे. त्याहून लहान क्षेत्र हवं असेल तर सरकारने तशी अधिसूचना काढावी लागते. म्हणजे १४०० प्लॉटची कॉलनी उठून भोपाळला नियामक आयोगाकडे गेली आणि परवाना घेऊन आली, असं होत नाही.

दुसरी वाट कलम १३ ची. राज्य सरकारने शिफारस केली तर आयोग स्थानिक स्वराज्य संस्था, पंचायत, वापरकर्त्यांचा संघ किंवा सहकारी संस्थेला परवान्यातून सूट देऊ शकतो. कागदावर ही वाट तुमच्यासाठीच आहे. पण शिफारस सरकारची आणि अटी आयोगाच्या. एका कॉलनीसाठी ते का करतील, याचं उत्तर तुमच्या अर्जात असायला हवं.

तिसरी वाट फ्रँचायझी. परवाना वीज कंपनीचाच राहतो, तुम्ही तिच्या वतीने काम बघता. भिवंडीत २००७ पासून हे चालू आहे. आपल्याकडे उज्जैन आणि सागरलाही हा प्रयोग झाला, तो टिकला नाही.

चौथी वाट सगळ्यांना माहीत आहे, सिंगल पॉइंट कनेक्शन. समितीच्या नावावर उच्चदाबाचं एकच कनेक्शन, आत वाटप समिती करते. आपल्या राज्याच्या दरपत्रकात त्यासाठी एचव्ही-६ हा गट आहे, बल्क रेसिडेन्शियल. बैठकीत लोक ज्याला ‘आपली वीज कंपनी’ म्हणताहेत, ते बहुधा हेच असावं.

लोडचं गणित रात्री लिहितो.

पीथमपूरकर

इंदूरजवळ नवीन सार्वजनिक वितरक हवा असेल तर पीथमपूरचं एसईझी (विशेष आर्थिक क्षेत्र) बघा. तिथे वीज वाटते सरकारी औद्योगिक विकास महामंडळ, आपल्याला वीज देणारी पश्चिम क्षेत्र कंपनी नाही. एसईझीच्या विकासकाला २०१० पासून वितरकाचा दर्जा कायद्यानेच मिळतो, त्यामुळे त्यांना वेगळी लढाई लढावी लागली नाही. आयोग त्यांचा दर वेगळा ठरवतो.

पण फरक लक्षात घ्या. तिथले ग्राहक कारखाने आहेत. तीन पाळ्यांत मशीन चालतं, रात्री दोनलाही लोड असतो. तुमच्याकडे रात्री दोनला फ्रिज आणि पंखे.

मंडळातला_जुना

पीथमपूरकरांनी नेमकं बोट ठेवलंय, तिथूनच पुढे जातो.

घराचं मंजूर लोड पाच किलोवॅट असलं तरी सगळी घरं एकाच मिनिटाला पाच किलोवॅट ओढत नाहीत. एकाकडे गीझर चालू असतो तेव्हा दुसऱ्याकडे बंद असतो. म्हणून एकत्रित कमाल मागणी घरटी कमी धरतात. दोन-दोन एसीची घरं असतील तर मी ३ किलोवॅट धरेन. १४०० घरांचे झाले ४२०० किलोवॅट. पाण्याचे पंप, रस्त्यावरचे दिवे, दुकानं, एखादी शाळा मिळून ८०० धरा. एकूण ५ मेगावॅट. ०.९५ पॉवर फॅक्टरने साधारण सव्वापाच एमव्हीए, ट्रान्सफॉर्मरची क्षमता याच मापात मोजतात.

याचा अर्थ ५ एमव्हीएचे दोन पॉवर ट्रान्सफॉर्मर. एक बंद पडला तर दुसऱ्यावर थोडी कपात करून कॉलनी चालते. पण आज तुमची घरं सव्वातीनशे, म्हणजे मागणी जेमतेम १ मेगावॅट. दोन्ही ट्रान्सफॉर्मर आजच बसवलेत तर त्यांचं व्याज सव्वातीनशे घरांच्या डोक्यावर. आज एकच बसवा, दुसऱ्यासाठी फाउंडेशन, बे (स्विचची जागा) आणि केबलची ट्रेंच तयार ठेवा.

११ केव्हीचा एक फीडर २०० अँपिअरवर सुमारे ३.८ एमव्हीए नेतो. तुम्हाला दोन हवेत, आणि ते टोकाशी जोडून रिंग करायची. मग एका बाजूला केबल फुटली की दुसऱ्या बाजूने वीज फिरवता येते. २०० केव्हीएचे वितरण ट्रान्सफॉर्मर ७० टक्के भरले धरले तर पूर्ण वसाहतीला सदतीस-अडतीस लागतील. प्रत्येकाला जागा हवी, कुणाच्या फाटकासमोर नाही. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त भांडणं ट्रान्सफॉर्मरच्या जागेवरून पाहिली, बिलावरून नाही. प्लॉट विकले गेले की कुणीही आपल्या भिंतीलगत डीपी (वितरण ट्रान्सफॉर्मर) लावू देत नाही.

ईव्हीवाला

काका, यात गाड्या धरल्यात का?

मंडळातला_जुना

नाही, आणि धरायला हव्यात. प्रत्येक तिसऱ्या घरी ३.३ किलोवॅटचा चार्जर आला आणि सगळे रात्री नऊला गाडी लावून जेवायला बसले, तर आणखी दीड मेगावॅट. रात्री बारानंतर लावली तर नव्या ट्रान्सफॉर्मरची गरजच नाही. मीटर वेळेप्रमाणे मोजणारं असलं आणि दरात फरक असला तर लोक आपोआप बदलतात. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत दिवसा सूर्य असताना दर कमी आणि पीकला जास्त, अशी रचना आहेच.

श्रीरामपूरची_लेक

माहेर श्रीरामपूर, सासर इंदूर, त्यामुळे मला लिहायलाच हवं.

आमच्याकडे मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्था होती. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि त्याच्या पाठबळावर देशात ज्या पहिल्या वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांत ही एक. माझे आजोबा सभासद होते. वायरमन गावातलाच असायचा, त्याला आमचं घर, आमची मोटर, आमची भांडणं सगळं माहीत. संस्था मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि आपल्या तालुक्यांत वाटायची.

२०११ मध्ये परवाना गेला आणि सगळं महावितरणकडे आलं. कारण लोकांची आपुलकी कमी पडली असं नव्हतं. शेतीपंपाला बिनमीटरची स्वस्त वीज, आणि घाऊक विजेचं बिल मात्र पूर्ण. दर वाढवायची सभेत कुणाची हिंमत नाही, कारण दर वाढवणारे आणि मत देणारे तेच. थकबाकी साठत गेली आणि एक दिवस ती संस्थेपेक्षा मोठी झाली.

तुमच्याकडे शेतीपंप नाहीत, ते एक बरं. पण समितीच्या निवडणुकीत कुणी ‘मी आलो तर युनिटमागे एक रुपया कमी करीन’ म्हणालं, तर त्याला थांबवणारं कोण असेल, हे आधी लिहून काढा.

पीथमपूरकर

बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था त्याच काळातली, ती अजून चालू आहे. म्हणजे सहकारात जमतच नाही असं नाही.

श्रीरामपूरची_लेक

मान्य. मी तसं म्हणतही नाहीये. ज्या संस्थेवर जीव होता ती बुडताना पाहिली आहे, म्हणून आधी हिशेब बघते.

सीए_टिळकनगर

हिशेबाचं मी लिहितो.

दुसऱ्या परवान्याच्या नियमांत भांडवली गुंतवणुकीच्या ३० टक्के रक्कम स्वतःची दाखवावी लागते. ती उभी राहील. माझी काळजी तिथे नाहीच. काळजी वीज खरेदीची आहे.

घरटी महिन्याला ४५० युनिट धरू, दोन एसीच्या घरांसाठी हे फार नाही. १४०० घरांचे वर्षाला सुमारे ७५ लाख युनिट. काकांच्या हिशेबाने घरांची कमाल मागणी ४.२ मेगावॅट. ती वर्षभर अखंड असती तर साडेतीन कोटींच्या वर युनिट झाले असते. म्हणजे जेवढी क्षमता राखून ठेवायची तिचा पाचवा हिस्साच वापरात. वीज विकणारा क्षमतेचे पैसे वेगळे घेतो, वापरा किंवा न वापरा. कारखान्याचा लोड सोबत असता तर तो खर्च वाटला गेला असता. फक्त घरांची वितरण संस्था हा या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रकार आहे.

शिवाय वितरक झालात की दिवसाच्या ९६ भागांचं, दर पंधरा मिनिटांचं, मागणीचं वेळापत्रक जबलपूरच्या भार प्रेषण केंद्राला द्यायचं. चुकलं तर दंड. अक्षय ऊर्जेचा ठरलेला वाटा घ्यायचा. दरवर्षी आयोगापुढे हिशेब मांडायचा, जनसुनावणीला सामोरं जायचं. हे सगळं १४०० घरांच्या बिलातून.

आणि क्रॉस सबसिडी. आज घरगुती दर जो आहे तो काही प्रमाणात उद्योग आणि व्यापार जास्त भरतात म्हणून आहे. तुमच्या हद्दीत जास्त भरणारं कुणी नाही. शंभर युनिटला शंभर रुपये ही अटल गृह ज्योतीची सवलत राज्य सरकार वितरकाला भरपाई देऊन चालवतं. तुमच्या संस्थेलाही ती द्यायची का, हे सरकार ठरवेल. ती महिन्याला १५० युनिटच्या आत राहणाऱ्यांनाच मिळते; तसे लोक तुमच्याकडे कमी असतील, पण घरकामाला येणाऱ्या बायका, वॉचमन, शेजारच्या वस्तीतली कुटुंबं त्याच फीडरवर असणार. त्यांचा विचार कोण करणार?

खंडवा_रोड

सर, शेवटचा मुद्दा बैठकीत कुणीच काढला नव्हता. लिहून घेतला.

पण पैशाबाबत एक शंका. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या निगमाने जलूदच्या ६० मेगावॅट सोलरसाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, लोकांनी त्याच्या कितीतरी पट मागणी नोंदवली. इंदूरची माणसं सार्वजनिक विजेत पैसा घालायला तयार आहेत, हे तर दिसलं ना? मग तसंच काही आपल्यासाठी का नाही?

सीए_टिळकनगर

तो बाँड मलाही अभिमानाचा वाटतो. पण त्यामागे काय होतं ते बघा. नर्मदेचं पाणी जलूदहून इंदूरला चढवायला निगम वर्षानुवर्षं विजेचं प्रचंड बिल भरतो आहे. सोलर लागलं की ते बिल कमी होणार, आणि त्या बचतीतून व्याज. ग्राहक एकच, तोही पक्का, आणि पंप दिवसा चालवता येतात. तुमची मागणी रात्री नऊची आहे आणि तीन चतुर्थांश ग्राहक अजून राहायलाच आलेले नाहीत. गुंतवणूकदार पहिला प्रश्न तोच विचारेल.

ईव्हीवाला

मला अजूनही वाटतं सिंगल पॉइंट घ्यावा. २०२२ च्या ग्रीन ओपन अ‍ॅक्सेस नियमांनी १०० किलोवॅटच्या वरच्या ग्राहकाला बाहेरून हरित वीज घेता येते. कॉलनी एक ग्राहक झाली तर दिवसा स्वस्त सोलर घेऊ शकते, पंप दिवसा चालवू शकते. १४०० वेगवेगळे ग्राहक ते करू शकत नाहीत. एवढं तरी स्वातंत्र्य हातात असावं.

बडोदेकर_ताई

बडोद्याहून लिहिते, इंदूरला बहीण असते म्हणून हा धागा वाचला.

दोन गोष्टी. एक म्हणजे ‘सरकारी वीज कंपनी म्हणजे असाच कारभार’ हे गृहीत धरू नका. आमची मध्य गुजरात वीज कंपनीही सरकारीच, आणि केंद्राच्या मानांकनात ती वर्षानुवर्षं वरच्या श्रेणीत आहे. तिच्यावर लोक रागावतातही. २०२४ च्या मे महिन्यात स्मार्ट मीटरवरून इथे रस्त्यावर आंदोलनं झाली. तेव्हा सरकारला थांबून उत्तर द्यावं लागलं, कारण कंपनी लोकांची आहे आणि जाब विचारायला जागा आहे.

दुसरं सिंगल पॉइंटबद्दल. मी ज्या सोसायटीत आधी राहायचे तिथे हीच व्यवस्था होती. मेंटेनन्सची थकबाकी विजेच्या प्रीपेड रिचार्जमधून कापून घ्यायचे. शेजारच्या आजींचा लिफ्टच्या खर्चावरून समितीशी वाद झाला आणि त्यांच्या घरात दोन दिवस अंधार. तक्रार कुठे करायची? वीज कंपनी म्हणाली, आमचा ग्राहक सोसायटी आहे, तुम्ही नाही. ग्राहक तक्रार मंच, लोकपाल, सगळं त्या आजींसाठी बंद.

२०२४ च्या फेब्रुवारीतल्या ग्राहक हक्क नियमांनी यात सुधारणा केली आहे. वैयक्तिक कनेक्शन की सिंगल पॉइंट, हे रहिवासी मतदानाने ठरवतात आणि ते मतदान वीज कंपनीच घेते, समिती नाही. घरची वीज, जनरेटरची वीज आणि सामायिक वीज यांचं मीटर, बिल आणि वसुली वेगवेगळी. हे नियम छापून बैठकीत वाटा.

ईव्हीवाला

ताई, हे माहीत नव्हतं. तरी सोलरचा मुद्दा मी सोडत नाही. निदान पंप, दिवे आणि क्लबहाउससाठी तरी. पीएम सूर्यघरमध्ये रहिवासी संघाला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ५०० किलोवॅटपर्यंत. घराच्या छताला ३ किलोवॅटवर ७८,००० आहेतच.

मंडळातला_जुना

ते जरूर करा, त्यासाठी वेगळी संस्था लागत नाही.

माणसांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सबस्टेशनवर चोवीस तास एक ऑपरेटर म्हणजे तीन पाळ्या आणि एक बदली, चार माणसं. लाइनवर कधीही एकट्याने चढायचं नाही, म्हणजे प्रत्येक पाळीत दोघं. शिवाय परवानाधारक सुपरवायझर. शटडाऊन घेतल्याशिवाय, परमिट हातात आल्याशिवाय, अर्थिंग लावल्याशिवाय तारेला हात नाही. घाई करणाऱ्या समितीच्या एका फोनवर लाइन चालू झाली आणि वर माणूस होता, असे अपघात या खात्यात झाले आहेत. मी अशा एका घरी गेलो होतो. ज्या संस्थेचे अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलतात, तिथे ही शिस्त कोण सांभाळणार? बिलाच्या आधी या प्रश्नाचं उत्तर द्या.

माझं मत सांगतो. तुमची गरज स्वतंत्र फीडर, जवळचं सबस्टेशन आणि रिंग यांची आहे. परवान्याची नाही. कॉलनायझर सबस्टेशन द्यायला तयार आहे ना? मग ते प्राकलन (खर्चाचा अंदाज) मंजूर करून, सुपरव्हिजन चार्ज भरून, अ वर्ग ठेकेदाराकडून बांधून घ्या आणि जमिनीसकट कंपनीकडे हस्तांतरित करा. जमिनीची नोंद प्लॉट विकायच्या आत व्हायला हवी. कॉलनायझरच्या नावावर जमीन राहिली तर दहा वर्षांनी तिथे दुकानं दिसतील.

सीए_टिळकनगर

काकांना पूर्ण अनुमोदन. एक भर: शेजारच्या दोन्ही नकाशांचे मालक आत्ताच खर्चात सामील करून घ्या. नंतर ते तुमच्याच सबस्टेशनवर येणार आहेत.

खंडवा_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं.

रविवारच्या बैठकीत मी वेगळ्या परवान्याचा प्रस्ताव मागे ठेवणार आहे. कलम १३ ची वाट बंद करत नाही, तीन हजार घरं आणि थोडी दुकानं-उद्योग आले तर तेव्हा पुन्हा बघू. आत्ता मागायचं ते असं: सबस्टेशनचा प्लॉट वीज कंपनीच्या नावे, आजच. ३३ केव्हीची लाइन कुठून येणार ते लेखी. पहिला ट्रान्सफॉर्मर आता, दुसऱ्याची तयारी. रस्ते करण्याआधी केबलचे पाइप, नाहीतर डांबर पुन्हा उकरतील. प्रत्येक डीपीची जागा नकाशावर लाल शाईने, आणि प्लॉट घेणाऱ्याच्या करारात तिचा उल्लेख. वैयक्तिक कनेक्शन. सामायिक वापराचं मीटर वेगळं, त्यावर सोलर. शेजारच्या वस्तीची घरंही त्याच नव्या फीडरवर, त्यांना जुन्यावर सोडून नाही.

ईव्हीवाले दादा, सिंगल पॉइंटची बाजू तुम्हीच येऊन मांडा. मतदान व्हायचं तर दोन्ही बाजू लोकांनी ऐकायला हव्यात.

ईव्हीवाला

येतो. आकडे घेऊन येतो.

मंडळातला_जुना

ताई, सबस्टेशनसाठी जो प्लॉट दाखवलाय त्याचा नकाशा इथे टाका. तिकडच्या बऱ्याच कॉलन्यांत विकता न येणारा नाल्याकाठचा तुकडा सबस्टेशनला देतात. पावसात पाणी शिरलं की अख्खी कॉलनी बंद. ट्रक आणि क्रेन आत वळेल एवढा रस्ता आहे का, तेही बघून सांगा, ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हाताने उतरत नाही.

खंडवा_रोड

काका, प्लॉट नाल्यालाच लागून आहे. उद्या सकाळी जाऊन पावसाच्या पाण्याची खूण कुठवर आहे ते बघते, रस्ताही मोजते, आणि नकाशासोबत फोटो टाकते. जागा बदलून मागायची असेल तर रविवारच्या आधीच कॉलनायझरला पत्र जायला हवं.